ठरलेल्या क्रूझ बुकिंगमध्ये आणखी नातेवाईक जोडताना

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचे बुकिंग केले, तेव्हा आमची संख्या नऊ होती. आई-बाबांची दोन बर्थची एक केबिन, आम्ही दोघे आणि आमची दोन मुले यांची चार बर्थची दुसरी, आणि धाकटा भाऊ, वहिनी व त्यांची चौदा वर्षांची मुलगी यांची तिसरी. महिन्याभरातच ही बातमी आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारापासून इंदूरपर्यंत पोहोचली. इंदूरच्या आत्याने यायची इच्छा सांगितली, पाठोपाठ चुलतभाऊ, त्याची पत्नी आणि त्यांचे दहा महिन्यांचे बाळ तयार झाले. आनंदच झाला, पण त्यानंतरच्या सहा आठवड्यांत जे शिकायला मिळाले, ते कोणी आधी सांगितले असते तर बराच पैसा आणि मनस्ताप वाचला असता, म्हणून ते क्रमाने लिहीत आहे.

आत्याचे फोनवरचे पहिले वाक्य होते, "अरे, मी कुठेही सरकून झोपेन, माझ्यासाठी वेगळी खोली कशाला?" आपल्याकडे पंगतीत ऐनवेळी चार पाने वाढतात, लग्नघरी एका खोलीत दहा जणी गाद्या घालून झोपतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. जहाजावर मात्र असे चालत नाही, आणि याचे कारण हॉटेलवाल्यांसारखा जादा गादीचा हिशेब हे नाही. जहाजावरील प्रत्येक माणसासाठी, मग ते तान्हे बाळ का असेना, जीवरक्षक नौकेत जागा आणि लाइफ जॅकेट राखून ठेवावे लागते. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाले तेव्हा नौकांतील जागा माणसांपेक्षा कितीतरी कमी होत्या. त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा (इंग्रजी आद्याक्षरांनी "सोलास") पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि आज लागू असलेला सोलास करार 1974 चा आहे. जहाजावर किती माणसे घ्यायची याची मर्यादा या नियमांतून येते. म्हणून "आई-बाबांच्या केबिनमध्ये बाळ मांडीवर झोपेल" ही सोय अस्तित्वातच नाही. दोन बर्थच्या केबिनमध्ये दोनच नावे लागतात, तिसरे कितीही लहान असले तरी लागत नाही.

होकार देण्यापूर्वी तीन प्रश्न

नातेवाइकाला "या हो, नक्की या" म्हणण्याआधी एजंटला किंवा कंपनीला फोन करावा. दोन दिवसांनी नकार कळवण्यापेक्षा "विचारून सांगतो" म्हणणे कितीतरी बरे असते. फोन करताना बुकिंगचा कागद समोर असू द्यावा. त्यावर रिझर्व्हेशन क्रमांक, केबिनचा क्रमांक, केबिनचा प्रकार आणि प्रवाशांची नावे एकाखाली एक असतात. आमच्या कागदावर भावाच्या केबिनमध्ये तीन नावे होती आणि चौथी ओळ कोरी होती. ती कोरी ओळ पाहूनच आम्ही आत्याला होकार दिला होता आणि तिथेच चुकलो.

पहिला प्रश्न असा की या केबिनमध्ये जास्तीत जास्त किती माणसे राहू शकतात. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही: या फेरीत तिसऱ्या-चौथ्या बर्थचे बुकिंग अजून चालू आहे का? केबिनमध्ये चार बर्थ असूनही चौथा माणूस नाकारला जाऊ शकतो, कारण जहाजाच्या प्रत्येक भागाला आणीबाणीत जमण्याची ठरलेली जागा आणि ठरलेल्या नौका असतात, आणि मुलांच्या सुट्ट्यांत कुटुंबांची गर्दी झाली की त्या भागाची माणसांची मर्यादा केबिन रिकाम्या असतानाच भरते. आमच्या बाबतीत हेच झाले. भावाच्या केबिनमधला चौथा बर्थ छतात दुमडलेला होता, पण त्यावर झोपणाऱ्या माणसासाठी जहाजाच्या त्या भागात जागा उरलेली नव्हती. अशा वेळी त्याच प्रकारची केबिन दुसऱ्या भागात किंवा दुसऱ्या मजल्यावर मिळेल का, हे लगेच विचारावे. कधी कधी तिथे मर्यादा शिल्लक असते.

तिसरा प्रश्न दराचा. आज जोडला जाणारा माणूस आजच्या दराने जोडला जाईल, हे गृहीत धरावे. खरी भीती वेगळीच आहे. नवे नाव घालताना जुन्या प्रवाशांचे भाडेही नव्याने आकारले जाऊ शकते, विशेषतः आधीचे बुकिंग एखाद्या सवलतीत झाले असेल आणि ती सवलत संपली असेल तर. म्हणून बदल करण्याआधी सुधारित रकमेचा पूर्ण तपशील लेखी मागावा, त्यात जुन्या प्रत्येक नावासमोरचा आकडा पूर्वीइतकाच आहे ना, हे पाहावे, आणि मगच "करा" म्हणावे. एजंट फोनवर म्हणतो की काही फरक पडणार नाही, तेव्हा तो खोटे बोलत असतो असे नाही, पण संगणकाने पुन्हा आकारणी केल्यावर आकडा काय येतो, हे त्यालाही बदल नोंदवेपर्यंत दिसत नसते.

वरचा बर्थ म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे

तिसरा आणि चौथा बर्थ बहुधा भिंतीत किंवा छतात दुमडलेला असतो, किंवा सोफा उघडून पलंग होतो. रात्री केबिन सांभाळणारा माणूस येऊन तो उघडतो आणि शिडी लावतो. रेल्वेच्या वरच्या बर्थची सवय असलेल्या तरुणाला त्यात काही वाटत नाही, पण सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री दोनदा उठून त्या शिडीवरून उतरायला लावणे योग्य नाही. त्यामुळे वयस्कर माणूस जोडताना तिसरी जागा सोफ्याची आहे की छतातली, हे नेमके विचारावे. उत्तर मोघम आले तर त्या केबिनच्या प्रकाराचा नकाशा मागवून घ्यावा. केबिन साधारणतः आपल्या जुन्या वाड्यातल्या माजघरापेक्षाही लहान असते, आणि सोफा उघडल्यावर बाथरूमपर्यंत जायला एका माणसापुरती वाट राहते.

जोडायचे, वेगळी केबिन घ्यायची की माणसे फिरवायची

या तीन पर्यायांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये, कारण अंदाज हमखास चुकतो. क्रूझचे भाडे केबिनमध्ये दोन माणसे आहेत असे धरून माणशी सांगितले जाते. पहिले दोघे पूर्ण भाडे देतात, तिसऱ्या-चौथ्याला बहुधा सवलत मिळते, मात्र बंदराचे शुल्क व कर आणि कर्मचाऱ्यांचे रोजचे सेवाशुल्क प्रत्येकाला वेगळे लागतात. एकटाच माणूस केबिन घेणार असेल तर त्याला बहुधा दोघांचे भाडे पडते.

समजा, पूर्ण भाडे माणशी 40,000 रुपये, तिसऱ्या बर्थचे 20,000 आणि बंदर शुल्क व कर माणशी 9,000 आहेत. सेवाशुल्क आपण तूर्त बाजूला ठेवू. आत्याला भावाच्या केबिनमध्ये चौथा बर्थ मिळाला असता तर 20,000 अधिक 9,000, म्हणजे 29,000 रुपये वाढले असते. तो मार्ग बंद झाल्यावर आत्या एकटीने केबिन घेते असे धरले, तर दोघांचे भाडे 80,000 आणि कर 9,000 मिळून 89,000 होतात. पण पुतणीला भावाच्या केबिनमधून काढून आत्याबरोबर नव्या दोन बर्थच्या केबिनमध्ये ठेवले, तर नव्या केबिनचे 80,000 लागतात, पुतणीचे तिसऱ्या बर्थचे 20,000 वाचतात, आत्याच्या कराचे 9,000 वाढतात, आणि एकूण वाढ 69,000 होते. म्हणजे एकाच मुलीची जागा बदलल्याने 20,000 रुपये वाचले. शिवाय आत्याला खालचा पलंग मिळाला आणि रात्री सोबतीला माणूसही मिळाले. आमच्यासाठी ही सोबतीची गोष्ट पैशांपेक्षा मोठी होती.

माणसे अशी फिरवताना क्रम फार जपावा लागतो. आधी नवी केबिन धरून ठेवावी, तिच्यावर पुतणीचे आणि आत्याचे नाव लागल्याचे पाहावे, आणि त्यानंतरच जुन्या केबिनमधून पुतणीचे नाव काढायला सांगावे. उलट क्रमाने गेलो आणि मधल्या दोन तासांत केबिन संपल्या, तर मुलगी कुठेच उरत नाही. दुसरे असे की एखाद्या बुकिंगमधील किमान एक मूळ प्रवासी त्यात कायम राहावा लागतो. सगळीच नावे बदलली तर ते बुकिंग रद्द धरले जाते आणि त्याचे नियम लागतात. तिसरे, प्रत्येक केबिनमध्ये निदान एक प्रौढ माणूस हवा असतो. प्रौढ म्हणजे अठरा की एकवीस, हे कंपनीनुसार आणि निघण्याच्या बंदरानुसार बदलते, त्यामुळे कॉलेजातल्या दोन भावंडांना एकत्र ठेवण्याचा विचार असेल तर हे आधी विचारावे. आणि तीन-चार बर्थच्या केबिनमध्ये दोघेच उरले, तर काही कंपन्या ती केबिन मोठ्या कुटुंबाला देऊन आपल्याला दुसरी देण्याचा हक्क राखून ठेवतात, हेही लक्षात असू द्यावे.

चुलतभावाच्या कुटुंबासाठी तीन जागांची स्वतंत्र केबिनच घ्यावी लागली, कारण बाळ हे तिसरे प्रवासी ठरले. बाळासाठी पाळणा मिळतो, पण तो नोंदवावा लागतो. बऱ्याच कंपन्यांमध्ये निघण्याच्या दिवशी बाळ किमान सहा महिन्यांचे असावे लागते, आणि लांबच्या महासागरी प्रवासाला एक वर्षाचे. गरोदर सूनबाई येणार असतील, तर प्रवास संपण्याच्या दिवसापर्यंत चोवीसावा आठवडा लागणार नाही, हे बघूनच नाव द्यावे. ही मर्यादा बहुतेक कंपन्यांची आहे आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही ती शिथिल होत नाही.

अंतिम रकमेची तारीख हीच खरी सीमा

बुकिंगच्या कागदावर अनामत भरल्याच्या नोंदीखाली उरलेली रक्कम भरण्याची शेवटची तारीख असते. परदेशी फेऱ्यांसाठी ती बहुधा निघण्याच्या अडीच-तीन महिने आधी असते. या तारखेपूर्वी नावे जोडणे, काढणे, फिरवणे बहुधा फारसा दंड न पडता होते; तिच्यानंतर जोडणे शक्य असले तरी पूर्ण रक्कम लगेच भरावी लागते आणि नाव काढले तर दंड बसतो. नातेवाइकांना याच तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख सांगावी, आणि "कळवतो" असे म्हणणाऱ्याला नम्रपणे पण स्पष्ट सांगावे की त्या दिवसानंतर जबाबदारी घेता येणार नाही. निघण्याच्या काही दिवस आधी प्रवाशांची यादी बंदराकडे आणि इमिग्रेशनकडे जाते. ती बंद झाल्यावर जागा असली तरी कोणी चढू शकत नाही.

नाव पासपोर्टवरूनच लिहावे

आपल्या वडोदऱ्यातल्या आणि एकूण गुजरातमधल्या मराठी घरांना या पायरीवर विशेष त्रास होतो. इथल्या शाळेच्या दाखल्यांवर बहुधा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. कुठे बायकांच्या नावापुढे "बेन" आणि पुरुषांच्या नावापुढे "भाई" लागलेले असते. मराठीत "राव" जोडलेले नाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते. माझ्या आईच्या आधारवर "बेन" आहे, पासपोर्टवर नाही. मी बुकिंगच्या वेळी आधार बघून नाव दिले होते, आणि नवी नावे जोडताना सगळे कागद पुन्हा काढले नसते तर ही चूक थेट बंदरावर कळली असती.

उपाय साधा आहे. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर सर्वांत खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यातल्या पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग बाणासारखी दोन चिन्हे, आणि मग नाव व मधले नाव असते. आडनावाच्या रकान्यात चिन्हांच्या आधीचे आणि नावाच्या रकान्यात नंतरचे, एवढेच भरावे. फोनवरून नाव सांगू नये. त्या पानाचा स्पष्ट फोटो एजंटला पाठवावा आणि नवा कागद आल्यावर अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. एखाद्या अक्षराची दुरुस्ती बहुधा सहज होते, पण एका माणसाच्या जागी दुसरा माणूस घालणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे नियम वेगळे आहेत.

पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर किमान सहा महिने उरलेली असावी. लहान मुलांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो, म्हणून मोठ्यांचा चालू असला तरी मुलांचा संपलेला असू शकतो. नूतनीकरण करायचे असेल तर ते अंतिम रकमेच्या तारखेपूर्वी हातात पडेल का, याचा विचार करूनच होकार द्यावा. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, आणि जहाज तिथून बाहेर जाऊन परत येत असल्यामुळे एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे ना, हे व्हिसा हातात आल्यावर वाचावे. मुंबईहून निघणाऱ्या देशांतर्गत फेऱ्यांना पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरते. मात्र लक्षद्वीपला जाणाऱ्या फेरीसाठी प्रवेश परवाना लागतो. म्हणून तिथे ऐनवेळी माणूस जोडणे गोव्याच्या फेरीपेक्षा अवघड असते. तिथे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि माणसांना छोट्या नावेतून किनाऱ्यावर नेतात, हेही वयस्करांना आधी सांगावे.

पैसे ज्याचे त्याने भरावेत

मोठ्या भावाने सगळ्यांचे भरायचे आणि मग हिशेब करायचा, ही आपली रीत इथे अडचणीची ठरते. परदेश दौऱ्याच्या पॅकेजवर विक्रेता टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर, घेतो आणि तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर नोंदला जातो. गेल्या काही वर्षांत अर्थसंकल्पाबरोबर त्याचे दर अनेकदा बदलले आहेत, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम आयकर खात्याकडच्या आपल्या करनोंदीत दिसते आणि विवरणपत्र भरताना वजा करून घेता किंवा परत मिळवता येते, पण ती त्याच माणसाला मिळते ज्याच्या पॅनवर नोंद आहे. आत्याचे पैसे मी भरले असते, तर तिच्या वाट्याचा टीसीएस माझ्या खात्यात आला असता आणि तो परत देण्याचा हिशेब वर्षभर चालला असता. शिवाय बुकिंग रद्द झाले तर परतावा ज्या कार्डावरून रक्कम आली त्याच कार्डावर जातो. प्रत्येक घराने आपल्या केबिनचे पैसे आपल्या पॅनवर, आपल्या खात्यातून भरले की नात्यात कडवटपणा येण्याचे कारणच राहत नाही.

वेगवेगळी बुकिंगे एकमेकांशी जोडून घ्यावीत

स्वतंत्र केबिनला स्वतंत्र रिझर्व्हेशन क्रमांक मिळतो, आणि कंपनीच्या दृष्टीने ती अनोळखी माणसे असतात. म्हणून सर्व क्रमांक एकत्र देऊन ते एकमेकांशी जोडायला सांगावे, आणि रात्रीच्या जेवणाची वेळ व टेबल एकच ठेवण्याची वेगळी विनंती करावी. केबिन जोडली म्हणजे जेवण जोडले गेले असे होत नाही. आमचे पाच क्रमांक जोडल्यावरही चुलतभावाचे जेवण उशिराच्या पाळीत राहिले होते आणि ते वेगळे सांगून बदलावे लागले. शेजारच्या केबिन हव्या असतील तर नुसती शेजारची की आतून दार असलेली, हे स्पष्ट बोलावे. संख्या वाढत वाढत आठ केबिनच्या आसपास गेली, तर ग्रुप बुकिंगचे दर आणि अटी विचाराव्यात. बऱ्याच कंपन्या तिथून पुढे ग्रुप धरतात.

नव्या प्रवाशांच्या आहाराची नोंदही वेगळी करावी लागते. आमचे शाकाहारी जेवण नोंदलेले होते म्हणून आत्याचेही झाले असेल, असे मी धरून चाललो होतो. ते झालेले नव्हते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसासाठी रुंद दाराची खास केबिन असते आणि त्या मोजक्याच असतात, त्यामुळे अशी गरज असेल तर बाकी सर्व सोडून आधी तिची चौकशी करावी. विमा नव्या नावांचा नव्याने काढावा लागतो, त्यात जुने आजार जाहीर करावेत आणि क्रूझवरील उपचार समाविष्ट आहेत ना, हे पॉलिसीत वाचावे. जहाजावरचा दवाखाना पैसे घेऊन उपचार करतो.

वडोदऱ्याहून मुंबईपर्यंतचा प्रवास

रेल्वेत ठरलेल्या तिकिटात नवे नाव घालताच येत नाही. नवे तिकीट, नवा पीएनआर काढावा लागतो, आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त सहाच माणसे बसतात. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी उघडते. म्हणजे अंतिम रकमेची तारीख येईल तेव्हा रेल्वेचे आरक्षण अजून उघडलेलेही नसते, आणि नव्याने आलेल्यांची तिकिटे आरक्षण उघडेल त्याच दिवशी सकाळी काढता येतात. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. जहाज किंवा विमान पकडायच्या दिवशीच वडोदऱ्याहून निघू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही. एक रात्र आधी मुंबईत पोहोचावे, कारण चढण्याची वेळ संपली की जहाज उशिरा आलेल्या एका कुटुंबासाठी थांबत नाही.

चढल्यावर सर्वांत आधी आणीबाणीत जमण्याचा सराव असतो. 2012 मधील कोस्टा कॉन्कॉर्डियाच्या अपघातानंतर नियम कडक झाले आणि 2015 पासून हा सराव जहाज निघण्याच्या आधी किंवा निघताच घेणे बंधनकारक आहे. कुटुंब वेगवेगळ्या भागांत विखुरलेले असेल तर प्रत्येकाची जमण्याची जागा वेगळी असते. म्हणून केबिन ठरवतानाच आत्याच्या आणि पुतणीच्या केबिनची जमण्याची जागा आमच्यापैकी कोणाच्या जागेशी जुळते, हे मी विचारून घेतले होते. नवा कागद आला तेव्हा तेरा नावे, प्रत्येकासमोर केबिनचा क्रमांक आणि त्यासमोर त्या जागेचे अक्षर होते. आत्याच्या समोर भावाच्याच जागेचे अक्षर आहे हे पाहिले आणि तो कागद बाबांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.